आर्तध्यान म्हणून तिला गप्प करू नका



या वेळी कैरीच्या लोणच्याबद्दल लिहायचं ठरलं होतं. फोडी करून, मीठ-हळद लावून ठेवल्या होत्या, फोटोही काढले होते. ते आता पुढच्या खेपेला. शनिवारी दुपारी आमच्या गल्लीतली एक सून कडेवर सात महिन्यांचं बाळ घेऊन माझ्याकडे आली आणि पायरीवरच बसली. "काकू, चार रात्री झोप नाही." मी विचारलं, गोळ्या? म्हणाली, "बंद केल्या. शिबिरात तसा संकल्प करायला लावला."

तीन दिवसांचं शिबिर. स्तोत्र, संगीत, डोळे मिटून बसणं, आणि शेवटच्या दिवशी हात वर करून सांगायचं की आता माझं औषध म्हणजे फक्त हे. फी भरपूर. मी नाव लिहिणार नाही. नावं बदलत राहतात, मांडव तोच असतो. गेल्या आठवड्यात आपल्याच मंडळाच्या ग्रुपवर अशी एक जाहिरात फिरत होती आणि खाली तीसेक जणींचे जोडलेले हात होते. त्यांत माझेही होते, न वाचता उमटवलेले.

आधी मला शिबिराचा राग आला. रात्री भांडी घासताना लक्षात आलं की शिबिरवाले वेगळं काहीच विकत नाहीत. आपण जे घराघरांत फुकट वाटतो तेच ते पैसे घेऊन देतात. "भक्तामर म्हण, बरं वाटेल." "भजनाला येत जा, मन रमेल." "रडू नको गं, आर्तध्यान होतं." ही तिन्ही वाक्यं मी स्वतः म्हटलेली आहेत. कुणाला म्हटली ते आज सांगते. तिला विचारून सांगते आहे. ती म्हणाली, "लिहा अक्का, फक्त नाव नको."

गोष्ट 1994 ची. माझी धाकटी जाऊ दुसऱ्या बाळंतपणानंतर दीड-दोन महिन्यांनी गप्प झाली. बाळाला पाजायची, पण बघायची दुसरीकडे. घरात मी शिकलेली, बी.कॉम., म्हणून सगळ्यांनी तिला माझ्यावर सोपवलं. मी काय करावं? एक वही घेतली, 48 चौकोन आखले आणि तिला सांगितलं, रोज एकदा भक्तामर, म्हटलं की पेन्सिलीने खूण. हिशेब चोख. अकराव्या दिवसानंतर खुणा मीच करत होते, कारण ती पुस्तक उघडून नुसती बसायची. मग मी चिडले. म्हटलं, असं कुढत बसलीस तर आर्तध्यानाने तिर्यंच गतीचा बंध पडतो, माहीत आहे ना? सव्वीस वर्षांच्या, अंगावर पाजणाऱ्या बाईला मी जनावराच्या जन्माची भीती घातली.

त्या आठवड्यात एका रात्री दोनच्या सुमाराला ती मला परसातल्या विहिरीच्या काठावर बसलेली सापडली. काही झालं नाही. मी हाताला धरून आत आणलं. पुढे कितीतरी महिने मी रात्री दोनला जागी होत असे.

दुसऱ्या दिवशी आमच्या आजेसासूबाईंनी, आव्वांनी, तिला आपल्याजवळ तूर निवडायला बसवलं. आव्वांना लिहिता-वाचता येत नव्हतं. उपदेशाचा एक शब्द त्यांनी काढला नाही. सुपात तूर घेतली आणि हलक्या आवाजात ओवी धरली. जातं तोवर कोपऱ्यात गेलं होतं, दळण गिरणीत जायचं. हळदीच्या कार्यापुरतं ते बाहेर निघे. पण ओव्या आव्वांच्या तोंडात होत्या. त्या दिवशी त्यांनी जी ओवी म्हटली ती त्यांच्या स्वतःच्या गेलेल्या मुलीची होती. आव्वांना अशी एक मुलगी होती हे घरातल्या एकाही सुनेला तोपर्यंत माहीत नव्हतं. साठ वर्षं ती फक्त ओवीत राहिली होती.

जाऊ रडायला लागली. दोन महिन्यांत पहिल्यांदा. आम्ही सगळ्या धावलो, कोणी पाणी, कोणी पदर. आव्वांनी हाताने आम्हाला मागे सारलं आणि पुढची ओवी धरली.

तीन-चार दिवसांनी तूर निवडता निवडता जाऊ म्हणाली, "आव्वा, डोक्यात जातं फिरतंय, पण दाणेच घातलेले नाहीत. नुसता दगडावर दगड." ज्यांनी जातं ओढलंय त्यांना हे वाक्य समजावून सांगावं लागणार नाही. रिकामं जातं ओढू नये म्हणतात, पाळी झिजतात, आवाज अंगावर येतो. आम्ही मिरजेला डॉक्टरांकडे गेलो. झोप लागते का, भूक लागते का, या प्रश्नांना ती "हं" एवढंच म्हणत होती. मग मीच म्हटलं, जात्याचं सांग. तिने सांगितलं. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "जातं थांबतं कधी?" त्यावर ती अर्धा तास बोलली.

गोळ्या सुरू झाल्या. ओव्याही चालू राहिल्या. माणसात यायला आठ महिने लागले. लोक विचारतात, नक्की कशाने बरी झाली? मी हिशेब शिकलेली बाई आहे, एका खात्याची जमा दुसऱ्या खात्यावर चढवणार नाही. गोळ्यांनी झोप आणली. ओवीने तोंड उघडलं. जात्याच्या त्या एका वाक्याने डॉक्टरांना वाट दाखवली. आणि माझ्या 48 चौकोनांनी तिला विहिरीपर्यंत नेलं नसेल कदाचित, पण अडवलंही नाही.

आता आर्तध्यानाबद्दल. आपण हा शब्द झाडूसारखा वापरतो, दिसलं दुःख की ढकललं कोपऱ्यात. तत्त्वार्थसूत्राचा नववा अध्याय आपण दशलक्षण पर्वात दरवर्षी ऐकतो. उमास्वामींनी आर्तध्यानाचे चार प्रकार सांगितले. नको ते वाट्याला येणं, हवं ते दुरावणं, वेदना, आणि निदान म्हणजे पुढच्या भोगाची इच्छा. वेदनेला त्यांनी वेगळी जागा दिली आहे. आणि लगेच पुढे सांगितलं की हे ध्यान कुणाकुणाला होतं. अविरताला, देशव्रतीला आणि प्रमत्तसंयतालाही. म्हणजे सहाव्या गुणस्थानातल्या मुनींनाही ते सुटलेलं नाही, निदान तेवढं सोडून. जे मुनींना होऊ शकतं ते बाळंतिणीला झालं म्हणून आपण भुवया उंचावायच्या?

याच ग्रंथाचा सहावा अध्याय काढा. असातावेदनीयाचा आस्रव कशाने होतो? दुःख, शोक, संताप, आक्रंदन अशी यादी आहे, आणि आचार्य स्पष्ट सांगतात की ते स्वतःला दिलं काय, दुसऱ्याला दिलं काय, आस्रव आहेच. आधीच खचलेल्या बाईला "तुझ्याच कर्माचा उदय" म्हणून जी आणखी रडवते, तिच्या खात्यावर काय पडत असेल? कर्मसिद्धान्त स्वतःचे जमा-खर्च बघायला दिलाय. दुसरीच्या वह्यांचं ऑडिट करायला आपल्याला कुणी नेमलं नाही.

"झाकलेलं बरं, उपगूहन आहे ते," असंही मला ऐकवलं गेलंय. उपगूहन दोषाचं असतं. आजार हा दोष आहे का? मधुमेह झाला तर आपण गावभर सांगतो आणि डबाभर पथ्याचे लाडू करतो. सम्यक्त्वाच्या आठ अंगांत उपगूहनाच्या शेजारीच स्थितिकरण आहे, डळमळणाऱ्याला सावरणं. त्याआधी निर्विचिकित्सा आहे, आजारी देहाची किळस न करणं, त्यासाठी उद्दायन राजाची कथा आपण मुलांना सांगतो. ही दोन्ही अंगं सोडून आपल्याला नेमकं झाकण्याचंच अंग आठवतं.

हे मी संगीताविरुद्ध किंवा स्तोत्राविरुद्ध लिहीत नाही. उलट, माझा राग असा आहे की आपल्याकडे इतकं चांगलं साधन असून आपण ते झाकणासारखं वापरतो.

आपलं पद्मपुराणच बघा, सातव्या शतकातल्या रविषेणाचार्यांचं. लक्ष्मण गेल्यावर राम त्याचा देह खांद्यावर घेऊन सहा महिने फिरतो. त्याला न्हाऊ घालतो, जेवण भरवायला बघतो. बलभद्र, त्याच भवात मोक्षाला जाणारा जीव, आणि त्याची ही अवस्था! बिभीषण येऊन संसाराचं स्वरूप समजावतो. सुग्रीव अंत्यसंस्काराचं सुचवतो. शब्दन् शब्द खरा होता. उपयोग शून्य. राम चिडून देह घेऊन निघून जातो.

मग स्वर्गातून दोन देव येतात, पूर्वभवी जटायू आणि कृतान्तवक्त्र असलेले. ते उपदेश करत नाहीत. वाळलेल्या झाडाला पाणी घालतात. मेलेले बैल जुंपून खडकावर बी पेरू लागतात. लोण्यासाठी पाणी घुसळतात, तेलासाठी वाळू घाण्यात घालतात. रामच विचारतो, हे काय वेड्यासारखं चालवलंय? शेवटी एक देव प्रेत खांद्यावर घेऊन समोरून जातो. त्यालाही राम हटकतो, आणि हटकता हटकताच स्वतःच्या खांद्याकडे त्याचं लक्ष जातं.

किती वर्षं ही कथा ऐकली, पण त्या देवांची रीत माझ्या डोक्यात शिरली नव्हती. बिभीषणाने जे सरळ सांगितलं तेच देवांनी दृष्टान्ताने दाखवलं. सरळ सांगितलेलं अंगावर येतं, माणूस मागे सरकतो. दृष्टान्त थोडा लांब, समोर ठेवलेला असतो. तिथे जाऊन बघायचं की नाही हे आपल्या हातात राहतं. रामाने उत्तर स्वतः काढलं. माझ्या जावेनेही तिचं जातं स्वतः शोधलं. मी ते तिला दिलं असतं तर तिने माझ्या वहीसारखंच बाजूला ठेवलं असतं.

आणि म्हणूनच कुठला दृष्टान्त कुणापुढे ठेवायचा याचं तारतम्य हवं. बारा भावना मला प्रिय आहेत, रोज सामायिकात म्हणते. पण कुणी शरण नाही, तू एकटीच आलीस, देह अशुची आहे, हे आधीच "मला कुणी नाही, माझा काही उपयोग नाही" असं पुटपुटणाऱ्या मुलीला ऐकवू नका. अशरण भावना संसारात रंगलेल्या माणसाला जागं करायला आहे. माझ्यासारखीला, जी लोणच्याच्या फोटोवर किती लाइक आले ते मोजते. ज्याची साखर उतरली आहे त्याला साखर उतरवणारं औषध कुणी देत नाही. त्याच बारा भावनांत नावेचा दृष्टान्त आहे. छिद्रांतून पाणी आत येतं तो आस्रव, छिद्रं बुजवणं म्हणजे संवर, आत साचलेलं पाणी उपसणं म्हणजे निर्जरा. हा मी त्या मुलीला सांगितला. नाव वाईट आहे असं त्यात कुठेच नाही. एकदम सगळं उपसायचंही नाही, आज एक ओंजळ. ती म्हणाली, "काकू, माझं छिद्र मला सापडत नाही." मी म्हटलं, मग शोधायला दोघी-तिघी लागू, डॉक्टरही लागतील. तेवढ्यावर ती फोन लावायला तयार झाली.

आता संगीताचं. "हे सगळं श्रद्धेचं आहे, शास्त्रात बसत नाही," असं आपली मुलं म्हणतात, त्यांच्यासाठी थोडे आकडे. लंडनमध्ये 134 नव्या आयांवर एक अभ्यास झाला, 2018 साली छापून आला. सगळ्यांना बाळंतपणानंतरच्या नैराश्याची लक्षणं होती. काही जणी बाळाला घेऊन एकत्र गायला बसल्या, काही जणी बाळासोबत खेळ करायला, काहींचे नेहमीचे उपचार तेवढे चालू राहिले. ज्यांचा त्रास मध्यम ते तीव्र होता, त्यांच्यात गाणाऱ्या गटाला नुसत्या नेहमीच्या उपचारांपेक्षा लवकर उतार पडला. त्याआधी 2017 मध्ये नैराश्यावरच्या संगीतोपचाराचे 9 अभ्यास, 421 माणसं, एकत्र तपासली गेली. निष्कर्ष असा की नेहमीच्या उपचारांच्या जोडीला संगीतोपचार दिला तर थोड्या काळात जास्त फायदा दिसतो. "जोडीला" हा शब्द जाहिरातीत गळतो. शिबिरवाल्यांनी तो गाळला आणि एक मुलगी चार रात्री झोपली नाही.

2001 साली इटलीतल्या डॉक्टरांनी 23 निरोगी माणसांना जपमाळेची लॅटिन प्रार्थना आणि एक मंत्र म्हणायला लावून श्वास मोजला. दोन्हींनी श्वास मिनिटाला साधारण सहावर आला आणि हृदयाची लय त्याच्याशी जुळली. आता पुढचा हिशेब माझा, माझ्या जबाबदारीवर. भक्तामर वसंततिलका वृत्तात आहे, चरणाला 14 अक्षरं. आपल्या पाठात 48 श्लोक, प्रत्येकी चार चरण, म्हणजे 192 चरण. एका श्वासाला एक चरण धरला आणि मिनिटाला सहा श्वास, तर 32 मिनिटं लागतात. आपल्या मंडळात ते किती वेळात उरकतं? मी घड्याळ लावून पाहिलं, साडेदहा मिनिटं! मिनिटाला अठरा चरण. श्वास कुठे घ्यायचा? शेवटी सगळ्याजणी धापा टाकत "चला, झालं" म्हणतो, आणि मग शांत का वाटत नाही म्हणून विचारतो.

गाणं स्वतःच्या गळ्यातून निघावं लागतं हेही आपण विसरलोय. परंपरा सांगते की मानतुंगाचार्य 48 कुलपांआड होते आणि एकेका श्लोकाबरोबर एकेक कुलूप गळलं. त्यांनी ते रचलं आणि म्हटलं. शेजारच्या खोलीत मोबाइलवर लावून ठेवलं नव्हतं. भजनस्पर्धेचा मला म्हणूनच कंटाळा येतो (चिडायचं असेल तर चिडा). एकसारख्या साड्या, ट्रॅकवर गाणं, आणि जिचा सूर जरा हलतो तिला "तू टाळ्या वाजव" म्हणून मागच्या रांगेत. जिला गायची सगळ्यात जास्त गरज असते तिचाच सूर हलत असतो. आव्वांचा सूर कधी लागला नाही. दळताना लागायचीही गरज नव्हती. हेमा रायरकर आणि गी प्वातव्हाँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांत हिंडून बायकांच्या एक लाखाहून जास्त जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. सासर, माहेर, नवऱ्याचा मार, गेलेलं लेकरू, सगळं त्यांत आहे. पहाटेच्या अंधारात, जात्याच्या घरघरीआड, तोंडावर न बोलता येणारं तिथे बोललं जायचं. आपण गिरणी आणली ते चांगलंच झालं, पाठी वाचल्या. पण बोलायची ती जागा गेली आणि तिच्या बदल्यात काही ठेवलं नाही.

एक आक्षेप मला ठाऊक आहे. "श्रद्धा कमी पडली म्हणून गोळ्या लागतात. भक्तामरात जलोदराचा श्लोक आहेच की." आहे, पंचेचाळिसावा. मी तो डोळे भरून म्हणते. पण आपल्यापैकी कुणाच्या पोटात पाणी झालं तर आपण काय करतो? श्लोक म्हणत म्हणत गाडी काढतो आणि दवाखाना गाठतो. तिथे कुणी श्रद्धा तोलत नाही. मग मेंदूने काय पाप केलं? चार दानांत औषधदान आहे. पर्वात आपण त्यासाठी पावत्या फाडतो. घरातल्या सुनेच्या तोंडातली गोळी सोडवून घेणं हे त्या दानाच्या बरोबर उलटं आहे.

त्या मुलीच्या डॉक्टरांना सोमवारी भेटलो. गोळी अशी एकदम सोडायची नव्हती, म्हणून त्यांनी मात्रा ठरवून पुन्हा सुरू केली. सासूबाई बरोबर होत्या, परत येताना गाडीत काही बोलल्या नाहीत. घरी पोचल्यावर म्हणाल्या, "मला 1989 ला असंच झालं होतं." मग त्या अंघोळीला गेल्या. ज्यांच्या घरी डॉक्टरांपर्यंत जाणं अवघड आहे त्यांनी 14416 हा नंबर फ्रिजवर लिहून ठेवा. सरकारची टेली-मानस सेवा आहे, 2022 पासून चालू आहे, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं.

आणि ग्रुपवरच्या त्या जाहिरातीखालचे माझे हात मी काढून टाकले. बाकीच्या एकोणतीस जणींनी आपापलं बघावं.

बुधवारपासून संध्याकाळी सहाला माझ्या सोप्यात बसतो आहोत. माइक नाही, ट्रॅक नाही, साडीचा रंग ठरलेला नाही. भक्तामराचे रोज आठच श्लोक, श्वास घेत घेत, मग ज्यांना येतात त्यांच्या ओव्या, अंगाया. जिला गायचं नाही तिने तूर निवडायची, सूप ठेवलेलं आहे. पहिल्या दिवशी सात जणी होत्या. माझी जाऊ गावाहून एस. टी. ने आली, आता तिचे केस माझ्यापेक्षा पांढरे आहेत. आव्वांची ती मुलीची ओवी तिला पाठ आहे हे मला बुधवारी कळलं. तिने ती धरली तेव्हा सात महिन्यांच्या बाळाची आई दारापाशी बसली होती. गायली नाही. रडली, बराच वेळ. कुणी उठलं नाही. बाळ सुपातली तूर मुठीने सांडत होतं. आठ वाजता तिने पर्समधून गोळीची पट्टी काढली आणि मी पाण्याचा तांब्या पुढे केला.